सासूबाई चार-चार महिने तिघांकडे. स्मृतिभ्रंश असताना हे चालतं का?

कृष्णाकाठ | ९ जून, रात्री ११:२०

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. घरातलं चव्हाट्यावर मांडल्यासारखं वाटतं. पण इथे मला कोणी ओळखत नाही, म्हणून लिहिते.

सासूबाई ७७ वर्षांच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, ३४ वर्षं नोकरी. दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. मोठे भाऊजी ठाण्याला, आम्ही सांगलीत, धाकटे भाऊजी पुण्यात वाकडला अकराव्या मजल्यावर. सासरे गेले तेव्हा तेराव्याच्या संध्याकाळीच ठरलं की आई प्रत्येकाकडे चार-चार महिने राहतील. कुणावर भार नको आणि कुणी कुणाला बोलायलाही नको. तेव्हा त्या ठणठणीत होत्या, पिशवी घेऊन एकट्या एसटीने जायच्या. मग आजार आला, पण वेळापत्रक तेच राहिलं.

घर बदललं की संडास कुठे आहे हे लक्षात यायला त्यांना तीन आठवडे लागतात. जरा रुळल्या की पुढच्या पाळीचे दिवस मोजायला लागायचं. मागे वाकडला लिफ्टने खाली गेल्या आणि परत कुठल्या मजल्यावर जायचं ते आठवेना. वॉचमनने ओळखलं म्हणून बरं. ठाण्याहून आमच्याकडे आल्या की स्वयंपाकघरात ठाण्याचा फ्रिज शोधतात. रात्री दोनला पातळांची पिशवी भरून दारात उभ्या, "मला घरी सोड." हे त्यांचंच घर आहे हो. सासऱ्यांनी १९८४ साली बांधलेलं.

हेही एक वेळ निभावलं असतं. पण फोनवर त्या अगदी चोख बोलतात. "जेवलास का? मुलांच्या परीक्षा झाल्या? पाऊस आहे का तिकडे?" फोन ठेवला की मला विचारतात, कुणाचा होता गं? त्यामुळे ठाण्याच्या जाऊबाईंचं ठाम मत आहे की आमच्याकडे त्या अगदी नॉर्मल असतात, सांगलीतच काय होतं कोण जाणे. मागच्या आठवड्यात सासूबाईंनी धाकट्या भाऊजींना सांगितलं, "ही मला दोन दिवस जेवायला देत नाही." भाऊजींनी रात्री अकराला नवऱ्याला फोन केला. मी शेजारीच ताट विसळत होते. त्याच ताटात त्या साडेआठला भाकरी आणि मेथीची भाजी जेवल्या होत्या.

१ ऑगस्टला वाकडची पाळी सुरू होते. त्यांना आता एका जागी ठेवावं असं मला वाटतं. पण हे मी म्हणायचं कसं? घर त्यांच्या आणि तिन्ही मुलांच्या नावावर आहे. "आईला इथेच राहू द्या" म्हटलं की "घर आम्हाला द्या" म्हटल्यासारखं ऐकू जाणार.

---

गवतीचहा | ९ जून, रात्री ११:५१

फोनवरची आई आणि घरातली आई या दोन वेगळ्या बायका असतात, हे आमच्या घरी पटवायला दीड वर्ष लागलं. बोलून पटत नाही. तुम्ही दोघं माहेरी जा आणि दिरांना सलग आठ दिवस तिथे राहू द्या. रविवारी पेढे घेऊन दोन तास आलेल्यांना पेढे खाणारी आईच दिसते.

---

खलबत्ता | १० जून, सकाळी ६:४०

मी फिजिशियन आहे, मेंदूविकारतज्ज्ञ नाही, पण असे पेशंट रोज बघतो.

"जेवलास का" हे वाक्य तुमच्या सासूबाईंनी आयुष्यात लाख वेळा म्हटलेलं आहे. ते तोंडात बसलेलं असतं. अल्झायमरमध्ये आधी जाते ती ताजी आठवण: साडेआठला काय जेवलो, कोण येऊन गेलं. मग मेंदू ती रिकामी जागा सुचेल त्याने भरतो. पोट भरल्याची आठवण नाही, म्हणजे कुणीतरी जेवायला दिलं नाही. आणि ते कुणीतरी म्हणजे जी समोर असते ती. चोरीचा आळही तिच्यावरच येतो. ज्या बाईच्या केसवरून डॉ. अल्झायमर यांनी १९०६ साली हा आजार मांडला, तिचीही सुरुवात नवऱ्यावरच्या संशयाने झाली होती. तेव्हा तुम्ही एकट्या नाही, सव्वाशे वर्षांची परंपरा आहे.

एक महत्त्वाचं. घर बदलल्यावर गोंधळ वाढतोच, पण दोन-तीन दिवसांत एकदम बिघडल्या, दिवसा झोपायला लागल्या किंवा भलतंच दिसायला लागलं, तर "जागा बदलली म्हणून" असं म्हणत थांबू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, सोडियम कमी होणं, नवीन सुरू झालेली एखादी गोळी, यातलं काहीही असू शकतं. निदानाच्या वेळी बी-१२ आणि थायरॉईड तपासलं होतं ना? आणि तीन घरांत डॉक्टर किती?

---

कृष्णाकाठ | १० जून, दुपारी २:१५

डॉक्टर तीन. दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. इथल्या डॉक्टरांनी डोनेपेझिल (स्मृतिभ्रंशावरचं औषध) सुरू केलं, ठाण्याला "भूक मंदावते" म्हणून बंद झालं, वाकडला पुन्हा चालू. फाईल पिशवीतून फिरते, त्यातले दोन कागद कुठे गेले देव जाणे. बी-१२ कमी होतं, इंजेक्शनं झाली. थायरॉईड ठीक आहे.

---

दख्खनची_राणी | १० जून, दुपारी ३:०२

आईंचे फोनआधीचे आणि फोननंतरचे व्हिडिओ काढा आणि टाका फॅमिली ग्रुपवर. पुरावा म्हणजे पुरावा.

---

गवतीचहा | १० जून, दुपारी ३:३०

नका टाकू. माझ्या बहिणीने टाकला होता. आईचं पातळ सुटलेलं दिसत होतं. भावाने व्हिडिओतलं दुखणं पाहिलं नाही, "आईची लाज काढलीस" एवढंच धरून बसला. वर तो व्हिडिओ ग्रुपमधून चुलत्यांकडे गेला. डॉक्टरांना दाखवायला काढा, दाखवा आणि पुसून टाका.

---

जुनाजाणता | १० जून, सायं. ५:१०

आमच्या लहानपणी याला म्हातारचळ म्हणत. एकत्र कुटुंबात सगळे मिळून सांभाळायचे. ना तपासण्या, ना गोळ्या, ना चार महिन्यांचे हिशेब. हल्ली चौकोनी घरं झाली आणि माणसं जड झाली. मंडळींनी विचार करावा.

---

वाईची_घंटा | १० जून, रात्री ९:४८

केला विचार. आमच्या वाड्यात २२ माणसं होती आणि पणजीला असंच झालं होतं. "सगळे मिळून" सांभाळायचे म्हणजे आत्याआजी सांभाळायची. १९ व्या वर्षी विधवा होऊन परत आलेली. रात्री पणजी उठून घाटाकडे चालायला लागायची, म्हणून आत्याआजी आपल्या लुगड्याचा पदर पणजीच्या मनगटाला बांधून झोपायची. नऊ वर्षं. आजही घरात कौतुक होतं ते पणजोबांच्या मातृभक्तीचं.

एकत्र कुटुंब चालायचं, कारण त्यात एक बिनपगारी बाई असायची. आता ती मिळत नाही म्हणून हिशेब करावे लागतात. करावेत की, त्यात लाज कसली?

---

खलबत्ता | १० जून, रात्री १०:०५

+१. आणि पूर्वी हा आजार कमी दिसायचा, कारण माणसं तेवढी जगतच नव्हती. भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. यातल्या बहुतेकांच्या मागे एखादी आत्याआजी असणारच.

---

दूरदेशी_दादा | ११ जून, पहाटे ४:२५

मी त्या लांबच्या भावाच्या बाजूने लिहितो. म्हणजे मीच तो. मेलबर्नला असतो, आई कराडला बहिणीकडे.

ताई सांगायची आणि मला वाटायचं ती वाढवून सांगते. यात पैसा नव्हता. आईचं बिघडलंय हे मान्य केलं की मी इथे काय करतोय हा प्रश्न उभा राहतो. त्यापेक्षा ताई चिडचिडी झालीय असं मानणं सोपं होतं. मी दर सहा महिन्यांनी येऊन ताईच्या घरात तपासनीसासारखा हिंडायचो. आई बारीक का दिसते? नखं का वाढलीत? दुपारी झोपू का देतेस? ताई एकदा म्हणाली, "तू आलास की मला शाळा तपासणीची आठवण येते." तरी समजलं नाही.

मग एका खेपेला तीन आठवडे राहिलो. जेट लॅगमुळे रात्री दोनला जागा, आणि आईही दोनला जागी. चार रात्री ती आणि मी. पाचव्या रात्री तिने मला ढकललं, मी तिच्या खोलीत शिरलेला परका पुरुष होतो. सकाळी ताईने विचारलं, "झोप झाली का रे?" मला बोलता येईना.

तेव्हापासून लांबून होण्याजोगी कामं मी अंगावर घेतली. औषधं ऑनलाइन मागवणं, बँक, वीजबिल, दिवसाच्या बाईचा पगार, ती गावी गेली तर बदली बाई शोधणं. दर रविवारी फोन करतो तो ताईला. आधी तिचं विचारतो. आईशी बोलणं झालं तर झालं.

धागालेखिका, दिरांना खलनायक करू नका. त्यांना काम द्या, स्पष्ट सांगून द्या. "जमेल तसं बघा" म्हटलं की आमच्यासारख्यांना कधीच जमत नाही.

---

आनंदयात्री_६२ | ११ जून, सकाळी ८:००

ब्राह्मी घृत, नाकात गाईचं तूप आणि रोज शब्दकोडी. माझ्या मेहुण्यांना ९० टक्के फरक.

---

खलबत्ता | ११ जून, सकाळी ८:३१

निदान झालेल्या बाईला कोडी घालून परीक्षा घेऊ नका, हरल्यासारखं होतं. त्यापेक्षा मेथी निवडायला द्या. आणि चालू गोळ्यांबरोबर काही द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. डोनेपेझिल, मेमँटिन यांनीही आजार बरा होत नाही, काही काळ थोडा आधार मिळतो इतकंच. असं असताना ९० टक्के कुठून आणू?

---

वऱ्हाडी_ठेचा | ११ जून, दुपारी १२:४०

मी रेल्वेतून रिटायर, नागपूरले राहतो. आमच्या घरी बिमारी बायकोला आहे. तिनं चाळीस वर्षं मला चहा करू देला नाही, आता मी दोन टाइम सैपाक करून राहिलो. पोळी गोल नाही येत, पण ती खाते.

पोरी दोन. एक दोन गल्ल्या सोडून राहते, एक बंगलोरला. जवळची रोज येते, तिला आईच्या शिव्या. बंगलोरची वर्षातून दोनदा येते तर तिची दृष्ट काढते. जवळची रडते. मी तिला म्हटलं, बेटा, आंब्याच्या झाडाखाली उभं राहिलं तर दगड लागतेच.

साडी नेसवणं मला जमत नव्हतं, गाऊनवर आणलं. साळी म्हणे, ताईला गाऊन? काय दशा केली! म्हटलं तू ये अन् नेसव. नाही आली.

कधी कधी बायको मला "दादा" म्हणते, तिचा मोठा भाऊ समजून. पहिल्यांदा लई लागलं. आता मी दादाच होतो तेवढ्या वेळापुरता.

---

माणदेशी | ११ जून, रात्री ८:१५

आमच्याकडे आईची पाळी बंद केली आणि माणसांची सुरू केली. आई दहिवडीच्या घरातच. तिथली पायरी, चूल, मोरी तिच्या पायांना पाठ आहे. आम्ही चार भावंडं आळीपाळीने तिथे जाऊन राहतो, आठ-आठ दिवस. दिवसाला एक बाई आहे.

सुरळीत झालं असं समजू नका. मधला भाऊ पहिल्या तीन फेऱ्यांनंतर आलाच नाही. दुकान सोडता येत नाही म्हणाला, आणि ते खरंही आहे. दोन महिने अबोला. शेवटी बहिणीने वही आणली, त्याच्या आठ दिवसांची किंमत धरली आणि ती त्याने भरायची ठरवली. तो म्हणाला, "आईचे पैसे लावता काय?" बहीण म्हणाली, "आईचे नाही, माझ्या सुट्टीचे लावते." भरतो आता दर महिन्याला, कुरकुरत.

घरात किरकोळ बदल केले. झोपताना सिलिंडर रेग्युलेटरपाशी बंद. संडासाचा दिवा रात्रभर चालू, दारावर रंगीत चित्र. पुढच्या दाराला घुंगरू, उघडलं की कळतं. मोठा आरसा काढला, त्यातल्या म्हातारीला ती घाबरायची.

---

चावडी_वकील | १२ जून, सकाळी १०:२२

घराचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून. सर्वसाधारण माहिती देतो, प्रत्यक्ष कागद तुमच्या वकिलांना दाखवा.

आईंनी कुणाला मुखत्यारपत्र दिलं असेल तर त्यावर विसंबू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं. लोक अगदी उलट समजतात, आई आजारी पडल्यावर कामाला येईल म्हणून करून ठेवतात. पुढे मोठा व्यवहार करायचा तर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. मृत्युपत्र करताना माणूस भानावर असला पाहिजे. सुरुवातीच्या काळात ते असू शकतं, पण तेव्हा तज्ज्ञ डॉक्टरांचा दाखला जोडा. नाहीतर पुढे भावंडं कोर्टात भेटतात.

एक गंमत सांगतो, हसायचं की रडायचं तुम्ही ठरवा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी "मुलांवर" टाकली आहे. व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सून नाही!

आणि धागालेखिकाबाई, एक विचारू? तीन मुलगे तुम्ही सांगितलेत. मुलगी नाही का?

---

कृष्णाकाठ | १२ जून, रात्री १०:५०

आहे. वाचून चपापलेच. एवढं लांबलचक लिहिलं आणि वन्संचा उल्लेखच केला नाही.

वन्सं इचलकरंजीला असतात, तासाभरावर. दर गुरुवारी येतात, आईंची वेणी घालतात, नखं काढतात, सहाच्या गाडीने परत. आई आम्हा सगळ्यांची नावं चुकवतात, त्यांचं चुकत नाही. पण काही ठरवायची वेळ आली की त्या म्हणतात, "तुम्ही भाऊ-भाऊ ठरवा." सासरे गेल्यावर त्यांच्याकडून घराचं हक्कसोडपत्र लिहून घेतलं होतं. त्यांनी हसत सही केली, वर सगळ्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं. त्या दिवसापासून त्या या घरात मत देत नाहीत. आम्हीही कधी विचारलं नाही.

आणखी एक, जे पहिल्या पोस्टमध्ये टाळलं. लग्नानंतरची पहिली दहा वर्षं सासूबाईंनी मला सुखाने जेवू दिलं नाही. हे शब्दशः आहे, मी ताटावर बसले की त्यांना काम आठवायचं. आता त्या दिरांना सांगतात की ही जेवायला देत नाही. परवा त्यांना घास भरवताना हे सगळं एकदम डोक्यात आलं. हातातला घास खाली ठेवून दोन मिनिटं गॅलरीत जाऊन उभी राहिले. नवऱ्याला सांगितलं नाही, इथे सांगतेय.

---

वाईची_घंटा | १२ जून, रात्री ११:०४

परत आत गेलात ना? मग झालं.

वन्संना विचारा. दिरांच्या आधी, आणि फोनवर नको. गुरुवारी.

---

दूरदेशी_दादा | १३ जून, पहाटे ५:०१

आणि प्रेम वाटायलाच हवं अशी सक्ती स्वतःवर करू नका. माझी ताई म्हणते, मी आईला नीट ठेवते, रोज आवडते असं नाही.

---

कृष्णाकाठ | २४ जुलै, सायं. ४:३०

बरेच दिवसांनी येतेय. विचारपूस करणाऱ्या सगळ्यांचे आभार.

वन्संना विचारलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मला वाटायचं तुम्हाला माझी लुडबुड नको." आम्हाला वाटायचं त्यांना झंझट नको! त्यांनीच धाकट्या भाऊजींना फोन केला की तू सांगलीला येऊन राहा, वहिनी माहेरी जाणार आहे. मी म्हटलं असतं तर महिनाभर चर्चा झाली असती. बहिणीने म्हटल्यावर भाऊजी रजा टाकून आले.

नऊ दिवस राहिले. आम्ही कवठेमहांकाळला होतो. पहिले दोन दिवस "आई मस्त आहे" असे फोन. तिसऱ्या दिवशी फोन नाही. चौथ्या रात्री आईंनी त्यांना भाडेकरू ठरवलं आणि मागचं भाडं कधी देणार म्हणून दार अडवून उभ्या राहिल्या. भाऊजींनी तासभर "आई, मी तुझा धाकटा" असं समजावून पाहिलं, मग खिशातून दोनशे रुपये काढून दिले. आईंनी वहीचं पान फाडून रीतसर पावती लिहून दिली, तारखेसकट. तारीख १९९१ ची, अक्षर अजून तसंच वळणदार. आम्ही परत आलो तर भाऊजींची दाढी वाढलेली. मला एवढंच म्हणाले, "वहिनी, तुम्ही रात्री झोपता कधी?"

तर सध्या असं ठरलंय. आई दिवाळीपर्यंत सांगलीतच. डॉक्टर एकच, इथले. भाऊजी महिन्यातून एक शनिवार-रविवार येणार आणि रात्रीच्या बाईचे पैसे देणार. वन्सं गुरुवारी मुक्काम करणार. ठाण्याला अजून पटलेलं नाही. जाऊबाई म्हणतात, हे सगळं घरासाठी चाललंय. मोठे भाऊजी गप्प आहेत, पण परवा न सांगता अंघोळीची खुर्ची पाठवली. चांगली आहे, पाय घसरत नाहीत.

आज गुरुवार. वन्सं आत आहेत, वेणी चालली आहे. मी दुपारी दोन तास दार लावून झोपले.

एक विचारायचं होतं. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागेल. मागच्या वर्षी बँकेत नेलं तर रांगेत घाबरल्या आणि साहेबांनाच वर्गाबाहेर उभं राहायला सांगितलं. घरी कुणी येऊन करतं का?

---

दूरदेशी_दादा | २५ जुलै, पहाटे ४:५०

पोस्टमन येतो. पोस्टाच्या बँकेची सोय आहे, आम्ही ७० रुपये भरले. आधार आणि पेन्शनचा पीपीओ क्रमांक (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा) काढून ठेवा. आईचा अंगठा उमटत नव्हता, मग मोबाईलवर चेहरा दाखवून झालं. तुमच्या कोषागाराला तो ऑनलाइन दाखला चालतो ना, ते आधी विचारून घ्या.

---

वऱ्हाडी_ठेचा | २५ जुलै, सकाळी ७:१५

अन् त्याले सकाळी दहा-अकराले बोलवा. चारच्या नंतर नका बोलवू, संध्याकाळी यांचा गोंधळ वाढते.